मलावीतलं समलिंगी जगणं आणि कायदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आफ्रिकेत चोपन्न देश आहेत. मग मलावीच का?

कारण युगांडाची बातमी आपल्यापर्यंत पोहोचते. २०२३ मध्ये तिथे थेट फाशीची तरतूद असलेला कायदा झाला आणि जगभर मथळे झळकले. मलावीत तसं काही घडत नाही. तिथे शंभर वर्षांच्या घरात पोहोचलेलं एक जुनं कलम आहे. कधी वापरतात, कधी वापरत नाहीत. सरकारं येतात, आश्वासनं देतात, माघार घेतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, तिथे तसं बरं चाललंय. हाच समज खोडून काढावा म्हणून हे लिहितो आहे. न वापरलेला कायदाही माणसाचं आयुष्य कुरतडतो, आणि गरीब माणसाचं तर जास्तच.

देश लहान आहे, महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडा मोठा. लोकसंख्या दोन कोटींच्या आसपास, राजधानी लिलाँग्वे, व्यापाराचं मोठं शहर ब्लँटायर. बहुसंख्य लोक खेड्यात राहतात, मका पिकवतात. निर्यातीत तंबाखू पहिला. जागतिक बँकेच्या मोजमापानुसार दहांपैकी साधारण सात माणसं दारिद्र्यरेषेखाली आहेत.

कायद्यात नेमकं काय लिहिलं आहे?

मलावीच्या दंडसंहितेतलं कलम १५३ 'निसर्गक्रमाविरुद्ध' शरीरसंबंधाला चौदा वर्षांपर्यंत कैद सांगतं. संबंध ठेवणारा आणि पुरुषाला ठेवू देणारा, दोघेही गुन्हेगार. कलम १५४ नुसार नुसत्या प्रयत्नाला सात वर्षं. कलम १५६ पुरुषांमधल्या 'असभ्य वर्तना'साठी पाच वर्षं सांगतं, आणि असभ्य म्हणजे काय हे पोलिसाच्या आणि न्यायाधीशाच्या कल्पनेवर सोडतं. कलम १३७अ हेच स्त्रियांना लावतं.

या कलमांपैकी काहींत फटक्यांच्या शिक्षेचाही उल्लेख आहे. १९९४ च्या राज्यघटनेने न्यायालयीन शिक्षा म्हणून फटके मारणं बंद केलं, तरी कलमात शब्द तसेच राहिले.

दोघांची संमती होती का, हा प्रश्न १५३ विचारतच नाही. प्रेमाने एकत्र राहणारे दोन प्रौढ आणि बलात्कारी, दोघांना तेच कलम. २०२४ च्या निकालाबद्दल पुढे लिहिलं आहे, तिथे हा मुद्दा पुन्हा येईल.

हे कलम वाचून आपलं ३७७ आठवतं. काही नातं आहे का?

सख्खं नातं आहे. भारतीय दंडसंहिता १८६२ पासून लागू झाली आणि तिच्यातलं ३७७, म्हणजे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम, इंग्रजांनी वसाहतींमध्ये नमुना म्हणून फिरवलं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडने १८९९ मध्ये आपली संहिता केली, तेव्हा त्यात संबंध 'ठेवू देणाऱ्या'लाही गुन्हेगार ठरवलं. ते आपल्या ३७७ मध्ये अशा शब्दांत नव्हतं. हीच क्वीन्सलँडची प्रत आधी नायजेरियात गेली आणि पुढे पूर्व आफ्रिकेतल्या वसाहतींत. मलावी तेव्हा न्यासालँड होतं. तिथे ती १९३० मध्ये लागू झाली. कलम १५६ चं मूळ वेगळं आहे, ते इंग्लंडच्या १८८५ च्या कायद्यातून आलं. इंग्लंडने स्वतः १९६७ पासून हे सोडायला सुरुवात केली. २०१८ मध्ये लंडनच्या राष्ट्रकुल परिषदेत ब्रिटिश पंतप्रधान थेरेसा मे यांनी या कायद्यांच्या वारशाबद्दल खेद व्यक्त केला. खेदाने कलम पुसलं जात नाही.

म्हणून 'समलैंगिकता ही पाश्चात्त्यांनी आणलेली गोष्ट' असं ब्लँटायरमध्ये कुणी म्हणतं, तेव्हा मला आपल्याकडची तीच वाक्यं ऐकू येतात. पाश्चात्त्यांनी जे आणलं ते कलम होतं. माणसं आधीपासून होती.

२००९ च्या साखरपुड्याचं प्रकरण काय होतं?

मलावीबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

तिथे लग्न ठरतं त्याला चिन्खोस्वे म्हणतात. दोन्ही बाजूंचे वडीलधारे, विशेषतः आईकडचे मामा, एकमेकांसमोर बसून शब्द देतात-घेतात. मलावीतल्या चेवा जमातीत वंश आईकडून चालतो, त्यामुळे मामाचं वजन फार. डिसेंबर २००९ मध्ये, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, ब्लँटायरमधल्या एका लॉजवर टिवोंगे चिम्बलांगा आणि स्टीव्हन मोंजेझा यांचा चिन्खोस्वे झाला. टिवोंगे स्वतःला बाई मानते, तशीच राहते, म्हणून इथे मी 'ती' लिहितो. तेव्हाच्या बहुतेक बातम्यांनी 'गे जोडपं' लिहिलं. बातमी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आली आणि दोन दिवसांत दोघांना अटक झाली.

जामीन नाकारला. कारण दिलं त्यांच्याच सुरक्षिततेचं. पुढचे पाच महिने ते तुरुंगात होते. १८ मे २०१० ला दोषी ठरवलं आणि २० मे रोजी दंडाधिकाऱ्यांनी कायद्यातली कमाल शिक्षा दिली: चौदा वर्षं सक्तमजुरी. लोकांना धडा बसावा अशी शिक्षा देतो, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने दोघांना विवेककैदी, म्हणजे केवळ आपल्या ओळखीमुळे डांबलेले कैदी, घोषित केलं.

२९ मे २०१० ला संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस बान की-मून लिलाँग्वेत आले आणि त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष बिंगू वा मुथारिका यांनी माणुसकीच्या नात्याने माफी जाहीर केली. मात्र या दोघांनी आपल्या संस्कृतीविरुद्ध, धर्माविरुद्ध आणि कायद्याविरुद्ध गुन्हा केला आहे, हेही त्यांनी त्याच वेळी सांगून टाकलं. शिक्षा गेली. कलम राहिलं, आणि गुन्हेगार हा शिक्काही राहिला.

टिवोंगेला देशात राहणं अशक्य झालं. ती पुढच्या वर्षी दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला गेली. तिथे कायदा तिच्या बाजूने होता, पण गरिबांच्या वस्तीत तिच्यावर हल्ले झाले.

माफीनंतर वातावरण निवळलं असेल ना?

उलट झालं. काही महिन्यांतच, डिसेंबर २०१० मध्ये, संसदेने नवं कलम १३७अ मंजूर केलं आणि २०११ च्या सुरुवातीला त्यावर सही झाली. तोवर कायदा पुरुषांपुरता होता. आता स्त्रियांनाही पाच वर्षांची कैद लागू झाली. जगाने डोळे वटारले म्हणून माफी दिली, आणि देशातल्या नाराजांना शांत करायला जाळं मोठं केलं, असं मला त्या घटनाक्रमावरून दिसतं.

'अटकेला स्थगिती आहे' असं वाचलं होतं. खरं काय?

एप्रिल २०१२ मध्ये जॉयस बांडा राष्ट्राध्यक्ष झाल्या. मे महिन्यात संसदेतल्या भाषणात त्यांनी ही कलमं रद्द करण्याची इच्छा बोलून दाखवली. आफ्रिकेतल्या राष्ट्रप्रमुखाने संसदेत उभं राहून असं म्हणणं ही मोठीच गोष्ट होती. मग त्या थंडावल्या. खासदारांची तयारी नाही, असं कारण आलं. नोव्हेंबरमध्ये कायदामंत्र्यांनी अटका थांबवल्याचं सांगितलं, चर्चमधून ओरड झाली, आणि काही दिवसांतच ते मागे फिरले.

डिसेंबर २०१५ मध्ये लिलाँग्वेत दोन पुरुषांना पकडलं. परदेशी वकिलातींनी आवाज उठवल्यावर आरोप मागे घेतले गेले आणि तेव्हाच्या कायदामंत्र्यांनी पुन्हा स्थगिती असल्याचं सांगितलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये काही धर्मगुरूंच्या अर्जावर म्झुझू शहरातल्या उच्च न्यायालयाने त्या स्थगितीलाच अंतरिम स्थगिती दिली. मंत्री असा परस्पर कायदा गुंडाळून ठेवू शकतो का, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो कायद्याच्या दृष्टीने चुकीचा नाही. कायदा बदलायचं धैर्य नसलं की सरकारं स्थगितीची भाषा करतात. स्थगिती म्हणजे हक्क नव्हे. तिच्यावर बोट ठेवून कुणी न्यायालयात उभं राहू शकत नाही.

पण प्रत्यक्षात खटले फार होत नाहीत. मग त्रास नेमका काय?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, आणि विचारणारे बहुतेक वेळा सज्जन असतात.

त्रास घरमालकापासून सुरू होतो. शहरात आलेला कामगार एका खोलीत भाड्याने राहतो. भिंतीला भिंत लागलेली, अंगण सामाईक, पाण्याचा नळ सामाईक. दोन पुरुष एकत्र राहतात, कुणी बाई येत नाही, हे शेजाऱ्यांना आठवड्याभरात कळतं. घरमालकाने उद्या निघा म्हटलं तर कुठे दाद मागणार? तक्रार करायला जाणाराच कायद्याने गुन्हेगार.

मग ब्लॅकमेल. फोनवर ओळख होते, भेटायला बोलावतात, दोघं-तिघं दबा धरून बसलेले असतात. मारहाण होते, फोन आणि पैसे काढून घेतात, आणि दर महिन्याला इतके क्वाचा (मलावीचं चलन) दे नाहीतर पोलिसांत सांगतो, अशी धमकी मिळते. मलावीतल्या हक्क संघटनांनी आणि आंतरराष्ट्रीय संस्थांनी अशा कितीतरी हकिकती नोंदवल्या आहेत. ब्लॅकमेल करणाऱ्याला खटल्याची गरजच नसते, त्याला फक्त कलम पुस्तकात असणं पुरतं. पोलिसानेही हेच केल्याच्या तक्रारी आहेत. धरायचं, पैसे घ्यायचे, सोडायचं. अशा अटकेची नोंद कुठल्याच आकडेवारीत येत नाही, आणि मग मंत्री सांगू शकतो की आम्ही कुणाला पकडत नाही.

आपल्याकडे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना ३७७ मधून वगळलं. त्यापूर्वीही ३७७ खाली शिक्षा झालेले लोक कमीच होते. तरी त्या कलमाने काय केलं हे मुंबईतल्या रेल्वे स्टेशनांवर पोलिसांना पैसे देऊन सुटलेल्यांना विचारा.

मलावीच्या राज्यघटनेचं कलम २१ खासगीपणाचा हक्क देतं. खासगीपणा जपायला आधी स्वतःचं दार लागतं, कडी लागते. ज्याच्याकडे कुंपणाचं घर आणि गाडी आहे तो मलावीतही बऱ्यापैकी निर्धास्त जगतो. मार खातो तो मिनीबसमध्ये फिरणारा, बाजारात कपडे विकणारा, लॉजवर झाडलोट करणारा. टिवोंगेचा चिन्खोस्वे झाला त्याच लॉजवर ती कामाला होती.

मग लोक भेटतात कुठे, राहतात कसे?

उघड गे बार वगैरे नाहीत. ओळखीतून ओळख, व्हॉट्सॲपचे गट, कुणाच्या तरी घरी वाढदिवसाच्या नावाखाली जमणं. ब्लँटायर, लिलाँग्वे, म्झुझूसारख्या शहरांत छोटी छोटी वर्तुळं आहेत. खेड्यात मात्र लग्न चुकवणं अवघड. मुलगा पंचविशीला आला की मामा विचारायला लागतात, आणि आपल्याकडचा वाचक ती विचारपूस लगेच ओळखेल. पुष्कळजण लग्न करतात, बायकोमुलांचं निष्ठेने करतात, आणि दुसरं आयुष्य फोनमध्ये ठेवतात.

स्त्रियांबद्दल बाहेर फार कमी लिहिलं जातं. नोकरी नसलेली, बापाच्या किंवा भावाच्या घरात राहणारी मुलगी पोलिसांच्या आधी घरच्यांच्याच हाती सापडते.

लग्न, दत्तक, वारसा यांचं काय?

काहीच नाही. २०१५ च्या विवाहविषयक कायद्याने मुलींचं लग्नाचं वय अठरा केलं, बालविवाहाविरुद्धचं मोठं पाऊल म्हणून जगाने त्याचं स्वागत केलं, आणि ते योग्यच होतं. त्याच कायद्याने लग्न फक्त स्त्री-पुरुषांचं असं लिहिलं, आणि लिंग म्हणजे जन्मावेळचं लिंग अशी व्याख्या केली. त्यामुळे ट्रान्स माणसांची, म्हणजे जन्मावेळच्या लिंगाहून वेगळी ओळख असलेल्यांचीही, वाट बंद झाली.

संघटना काढता येते का?

कठीण. 'न्यासा रेनबो अलायन्स' या समलिंगी हक्कांसाठीच्या संस्थेला नोंदणी नाकारली गेली आणि तिला न्यायालयात जावं लागलं. 'सेडेप' नावाची संस्था आरोग्य आणि मानवी हक्कांच्या छत्राखाली बरीच वर्षं काम करते आहे. तिचे प्रमुख गिफ्ट ट्रॅपेन्स यांना 'गे लॉबीचा माणूस' म्हणून सतत हिणवलं गेलं. पण २०१९ च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत घोटाळा झाला तेव्हा रस्त्यावर उतरलेल्या मोठ्या आंदोलनातल्या पुढाऱ्यांत तेही होते. देशाने त्यांचं नेतृत्व त्या कामासाठी स्वीकारलं. मला यात आशा दिसते.

२०१६ च्या सुरुवातीला एका राजकीय पक्षाच्या प्रवक्त्याने समलिंगी लोकांना ठार मारावं असं फेसबुकवर लिहिलं. कार्यकर्त्यांनी त्याच्यावर खटला भरला. सरकारी अभियोक्त्यांनी तो आपल्या ताब्यात घेतला आणि बंद केला. प्रेम केलं म्हणून चौदा वर्षांची शिक्षा सुनावणारी व्यवस्था मारायची भाषा करणाऱ्याला मात्र सोडून देते, हे वाचून राग येतो आणि यायलाच हवा.

२०२४ चा निकाल काय होता?

याचिका दोघांची. एक डच नागरिक यान विलेम ॲक्स्टर, आणि दुसरी मलावीची ट्रान्स स्त्री, जिला १५३ खाली शिक्षा झालेली होती. कलम १५३ आणि १५६ समानतेचा, प्रतिष्ठेचा, खासगीपणाचा भंग करतात असं त्यांचं म्हणणं. ॲक्स्टरवर लैंगिक अत्याचाराचेही आरोप होते आणि विरोधकांनी ते पुढे करून सगळ्या समाजाला त्याच रंगात रंगवलं. ते आरोप तपासायलाच हवेत. पण अत्याचारासाठी अत्याचाराचा कायदा हवा, आणि १५३ तर संमतीचा विचारच करत नाही.

२८ जून २०२४ ला ब्लँटायरमध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने याचिका फेटाळली. आपल्याबाबत भेदभाव झाला हे याचिकाकर्त्यांना सिद्ध करता आलं नाही, असं न्यायालय म्हणालं.

हा निकाल लागला त्याच्या आदल्याच आठवड्यात, २१ जूनला, नामिबियाच्या उच्च न्यायालयाने तसाच कायदा घटनाबाह्य ठरवला होता. आणि मलावीचं न्यायालय भित्रं म्हणून ओळखलं जातं असंही नाही. ३ फेब्रुवारी २०२० ला त्याच देशातल्या पाच न्यायाधीशांनी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक रद्द ठरवली. ते बुलेटप्रूफ जाकिटं घालून, लष्करी गाडीतून न्यायालयात आले होते. सत्तेसमोर उभं राहायचं धैर्य त्या न्यायव्यवस्थेत आहे. इथे तिच्यासमोर सत्ताधारी नव्हते, बहुसंख्य समाज होता.

याच सुमारास, १ जुलै २०२४ ला, भारतात नवी न्याय संहिता लागू झाली आणि तिच्यात ३७७ उरलं नाही. मूळ घरातून ते कलम गेलं. (जाताना पुरुष आणि ट्रान्स व्यक्तींवरच्या बलात्काराविरुद्धचं संरक्षणही गेलं. ती उणीव आपल्याकडे अजून भरायची आहे.)

चर्चची भूमिका इतकी महत्त्वाची का?

कारण खेड्यापाड्यात शाळा आणि दवाखाना चर्चनेच चालवलेला असतो. एकपक्षीय हुकूमशाहीच्या काळात, १९९२ मध्ये, कॅथलिक बिशपांनीच उघड पत्र काढून सत्तेला आव्हान दिलं आणि लोकशाहीची वाट मोकळी झाली. लोक ते विसरलेले नाहीत. त्यामुळे बिशप बोलतात तेव्हा ऐकलं जातं. जुलै २०२३ मध्ये ॲक्स्टरच्या याचिकेच्या सुनावणीच्या वेळी चर्चच्या पुढाकाराने अनेक शहरांत मोर्चे निघाले. डिसेंबरमध्ये पोपनी समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद द्यायला मर्यादित परवानगी दिली, तेव्हा मलावीच्या बिशपांनी आपल्याकडे ती लागू होणार नाही असं सांगितलं. मुस्लिम नेतेही या प्रश्नावर त्यांच्याच बाजूला आहेत.

परदेशी मदत बंद करण्याच्या धमकीने फरक पडतो का?

२०१० ची माफी पाहता पडतो, आणि १३७अ पाहता उलटाही पडतो. मलावीचं अंदाजपत्रक बरीच वर्षं देणगीदार देशांवर विसंबून राहिलं. मदत रोखली की औषध सगळ्यांचंच थांबतं, आणि दोष गावातल्या 'त्या' मुलावर येतो. म्हणून तिथले कार्यकर्ते स्वतः अशी धमकी नको म्हणतात. माझं मत त्यांच्यासारखंच आहे.

एचआयव्हीचा याच्याशी संबंध आहे?

फार जवळचा. गर्भवती एचआयव्हीबाधित स्त्रीला आयुष्यभर उपचार सुरू करण्याची पद्धत मलावीने २०११ मध्ये सुरू केली आणि नंतर ती जगाने उचलली. इतका गरीब देश आणि एवढी दूरदृष्टी. पण पुरुषाशी संबंध असलेला पुरुष नर्ससमोर खरं सांगत नाही, कारण खरं सांगणं म्हणजे गुन्ह्याची कबुली. म्हणून वेगळी, विश्वासातली केंद्रं उभी राहिली, बहुतांश अमेरिकी पैशावर. जानेवारी २०२५ मध्ये तो पैसा अचानक अडवला गेला. नंतर काही सवलती मिळाल्या, तरी संसर्ग टाळण्याची प्रतिबंधक गोळी फक्त गर्भवती आणि स्तनदा स्त्रियांपुरतीच ठेवली गेली. समलिंगी पुरुष त्यातून वगळले गेले.

शेजारी देशांत काय परिस्थिती आहे?

तिन्ही बाजूंनी वेढणाऱ्या मोझांबिकने २०१५ मध्ये नवी दंडसंहिता आणून जुनं पोर्तुगीजकालीन कलम शांतपणे वगळलं. झांबिया आणि टांझानियात शिक्षा मलावीहून कडक. बोट्स्वानाच्या न्यायालयाने २०१९ मध्ये कायदा रद्द केला आणि त्या निकालात आपल्या नवतेज जोहर खटल्याचा, म्हणजे ३७७ वरच्या २०१८ च्या निकालाचा, आधार घेतला. मॉरिशसच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०२३ ला तेच केलं. तिथे पिढ्यान्पिढ्या गणपती बसवणारा मराठी समाज आहे, हे इथल्या वाचकाला सांगायला आवडतं.

भारतातून मलावीत नोकरीसाठी जाणाऱ्या गे माणसाने काय लक्षात ठेवावं?

तिथला कायदा परदेशी माणसालाही लागू होतो. वर उल्लेख केलेला डच माणूस त्याच कलमांखाली आरोपी होता. भारतातला २०१८ चा निकाल तिथे तुमचं रक्षण करणार नाही. ॲपवरून अनोळखी माणसाला घरी बोलावू नका, पहिली भेट गजबजलेल्या ठिकाणी घ्या, फोनला कुलूप ठेवा आणि फोटो पाठवू नका. ब्लॅकमेल झालं तर पहिला हप्ता देऊ नका, कारण तो शेवटचा नसतो. विश्वासातला वकील गाठा. भारताचं उच्चायुक्त कार्यालय लिलाँग्वेत आहे. अटक झाली तर त्यांना कळवण्याचा हक्क तुम्हाला आहे. तिथला भारतीय समाज लहान आणि मुख्यतः गुजराती व्यापाऱ्यांचा आहे. बातमी वेगाने पसरते, हे गृहीत धरून चाला.

आणि तिथला जोडीदार असेल तर जास्त जोखीम त्याची आहे. तुम्हाला तिकीट काढून परत येता येतं. त्याला किती उघड राहायचं हे त्यालाच ठरवू द्या.

आता पुढे काय होऊ शकतं?

दोन रस्ते आहेत. एक वरच्या अपील न्यायालयाचा, दुसरा संसदेचा. संसदेत हा विषय काढणारा खासदार सध्या पुढच्या निवडणुकीत हरायला तयार असावा लागेल. त्यामुळे न्यायालयाचाच रस्ता खरा वाटतो, आणि त्यासाठी याचिकाकर्ता लागतो, जो आपलं नाव, आपलं गाव आणि आपली आई वर्तमानपत्रात येऊ द्यायला राजी असेल.